पहिले दहा दिवस गोल काढून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवतात. शाळेचा कबड्डी आणि खो-खोचा संघ चांगला आहे, यंदा हँडबॉललाही नाव द्यायचं ठरलंय. सर स्वतः कधी हँडबॉल खेळलेले नाहीत. मुरमाचं मैदान, दोन चेंडू, हातात सहा आठवडे. शिकवायला सुरुवात कुठून करायची, मैदान आणि साहित्य काय लागेल, आणि कबड्डी खेळणारी मुलं सारखी फाउल करतात त्याचं काय करायचं?

सर, तुमचा तिसरा प्रश्न वाचला आणि कळलं की तुम्ही मुलांच्या हातात चेंडू देऊन थेट सामनाच लावलाय. बहुतेक जण तेच करतात. मी ११ वर्षं गोलमध्ये उभी होते आणि त्यानंतर २२ वर्षं शिकवते आहे, तरी शिकवायच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. मुलांना गोल मारायला आवडतं म्हणून रोज तासभर शूटिंग. महिन्याभरात डझनभर मुलं अशी तयार झाली की चेंडू सुटला की जाळी हलायची. पहिल्याच सामन्यात आम्ही १९-३ ने हरलो. जाळीपर्यंत पोचायला आधी चार-पाच पास लागतात, आणि आमचा दुसराच पास मातीत जात होता.

म्हणून पहिले दहा दिवस गोल काढून ठेवा. खरंच काढून ठेवा, खांब दिसले की मुलं ऐकत नाहीत. आणि चेंडू आपटत पळायलाही, म्हणजे ड्रिबललाही, तेवढे दिवस बंदी घाला. ड्रिबल करायला मिळालं की मूल मान खाली घालून एकटंच पळत सुटतं, बाकीचे सहा जण प्रेक्षक होतात. हँडबॉलचा पाया तीन गोष्टींत आहे: धावत चेंडू झेलणं, धावत्या माणसाला चेंडू देणं, आणि या दोन्हींच्या मधली तीन पावलं. हे जमलं तर गोल मारायला मुलं एका दुपारी शिकतात. हे जमलं नाही तर कितीही जोरात मारता येऊन उपयोग नाही.

तीन पावलांपासूनच बोलते, कारण सगळ्यात जास्त शिट्ट्या तिथेच वाजतात. नियम असा आहे की चेंडू हातात घेऊन जास्तीत जास्त तीन पावलं टाकता येतात आणि जास्तीत जास्त तीन सेकंद तो धरता येतो. त्यानंतर पास, शॉट किंवा ड्रिबल. ड्रिबल करून चेंडू पुन्हा हातात घेतला की परत तीन पावलं आणि तीन सेकंद मिळतात, पण मग पुन्हा आपटता येत नाही. आता यातली गंमत बघा. दोन्ही पाय हवेत असताना चेंडू झेलला आणि मग पाय टेकला, तर ते टेकणं मोजत नाहीत. पुढचं पाऊल पहिलं. म्हणजे जो मुलगा उभ्या उभ्या झेलतो त्याला तीन पावलं मिळतात, आणि जो धावत येऊन हवेत झेलतो त्याला एक टेकू फुकट मिळून वर तीन पावलं मिळतात. मुलांना हे 'शून्य-एक-दोन-तीन' असं मोजायला शिकवा. शून्य हा शब्द मोठ्याने म्हणायला लावा. ज्याला शून्य कळलं त्याला हँडबॉल निम्मं कळलं असं मी मानते.

पहिले दोन दिवस हे चेंडूशिवाय करा. जमिनीवर फक्कीने पावलांच्या खुणा काढा. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा-उजवा-डावा अशी पावलं टाकायची आणि शेवटच्या डाव्या पायावर वर उडायचं. डावखुऱ्याचं बरोबर उलट. पहिल्या दिवशी अर्धी मुलं उजव्या पायावरच उडतील, कारण क्रिकेटमुळे म्हणा किंवा लंगडीमुळे, ज्याला जी सवय. रागावू नका, खुणांवरून पुन्हा पळवा. चौथ्या-पाचव्या दिवशी पाय आपोआप लागतात. लांब उडी मारणारी मुलं हे सगळ्यात आधी पकडतात. त्यातला एखादा अजून संघात नसेल तर घ्या.

झेलण्याबद्दल. आपल्या मुलांना झेल म्हणजे क्रिकेटचा झेल माहीत असतो. तळवे वर, चेंडू पोटाशी. इथे छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवर येणारा चेंडू जास्त, म्हणून तळवे चेंडूकडे, बोटं वर आणि पसरलेली, दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळ येऊन मध्ये साधारण त्रिकोण दिसला पाहिजे. हात पुढे नेऊन चेंडू घ्यायचा आणि कोपरं वाकवत आत आणायचा. बोटांची टोकं चेंडूकडे रोखलेली असली की बोट दुखावलंच म्हणून समजा, नवशिक्यांच्या दुखापतींत बोटं पहिल्या नंबरावर असतात. कमरेखालचा चेंडू मात्र करंगळ्या जवळ आणून, बोटं खाली करून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेंडूची वाट बघत उभं राहायचं नाही, त्याच्याकडे जायचं. थांबलेल्या मुलाच्या पुढे समोरचा हात घालतो आणि चेंडू घेऊन जातो.

चेंडूचा आकार इथे फार मोठा फरक पाडतो. नियमाप्रमाणे तीन मापं आहेत. १ नंबरचा चेंडू घेराने ५० ते ५२ सेंटीमीटर आणि वजनाने २९० ते ३३० ग्रॅम, २ नंबरचा ५४ ते ५६ सेंटीमीटर आणि ३२५ ते ३७५ ग्रॅम, ३ नंबरचा ५८ ते ६० सेंटीमीटर आणि ४२५ ते ४७५ ग्रॅम. आंतरराष्ट्रीय नियमांत ८ ते १४ वर्षांच्या मुलींना आणि ८ ते १२ च्या मुलांना १ नंबर, १४ वरच्या मुली, महिला आणि १२ ते १६ च्या मुलांना २ नंबर, त्यावरच्या पुरुषांना ३ नंबर. तुमच्या स्पर्धेत कोणता चेंडू आणि सामना किती मिनिटांचा हे परिपत्रकात बघून घ्या. पण शिकवायला, हात लहान असतील त्यांना, १ नंबरच द्या. तुमच्याकडचे दोन चेंडू ३ नंबरचे असण्याची दाट शक्यता आहे, दुकानदार तोच काढून देतो. मुलाने तळहात खाली करून एका हाताने चेंडू वरून धरावा आणि हात झटकावा. चेंडू पडला तर तो त्याच्यासाठी मोठा आहे. लगेच नवे घेणं शक्य नसेल तर हवा थोडी कमी करा, पकड बसते. मोठे खेळाडू बोटांना चिकट राळ लावतात, ते मुलांच्या नजरेस पडलं तर मागतील. देऊ नका. आधी बोटांत ताकद येऊ द्या.

पास द्यायला शिकवणं तुमच्या मुलांच्या बाबतीत सोपं जाईल, कारण कैऱ्या पाडलेल्या आहेत. दगड मारून कैरी पाडणारं मूल कोपर कुठे ठेवतं ते बघा. खांद्याच्या उंचीला किंवा त्याहून वर, हात कानामागे, विरुद्ध पाय पुढे, अंग आधी मागे वळतं आणि मग फिरतं, शेवटी मनगट झटकलं जातं. हँडबॉलचा साधा पास अगदी हाच. चूक दोन ठिकाणी होते. एक, कोपर खाली पडतं आणि फेक ढकलल्यासारखी होते, त्यात जोर नसतो आणि खांदा दुखतो. दोन, मूल जिथे मित्र उभा आहे तिथे चेंडू टाकतं. मित्र धावत असेल तर चेंडू त्याच्या पाठीमागे जातो. पास जिथे तो पोचणार आहे तिथे, त्याच्या फेकणाऱ्या खांद्याच्या जरा पुढे गेला पाहिजे. याला शब्दांत सांगून उपयोग होत नाही, हजार वेळा करून होतो.

करायचं कसं, तर तीन-तीनच्या दोन रांगा समोरासमोर, १० मीटर अंतर. पहिला धावत येतो, चेंडू झेलतो, शून्य-एक-दोन-तीन, समोरून निघालेल्याला देतो आणि समोरच्या रांगेच्या मागे जातो. दोन चेंडूंत अख्खा वर्ग चालतो. कंटाळा आला की 'दहा पास' खेळवा: पाच विरुद्ध पाच, २० मीटरच्या चौकोनात, ड्रिबल नाही, ज्यांनी सलग दहा पास केले त्यांना एक गुण. ज्याच्याकडून पास आला त्यालाच लगेच परत द्यायचा नाही असा एक नियम घाला, नाहीतर दोन दोस्तच खेळत बसतात. माझ्या अनुभवात जो संघ या खेळात दहा पास करतो तो स्पर्धेत पहिल्या फेरीत हरत नाही. शालेय पातळीवर बहुतेक संघ चार पाससुद्धा करू शकत नाहीत.

आता मैदान. पूर्ण मैदान ४० मीटर बाय २० मीटर. शिकवायला त्याचं अर्धं पुरतं. गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. गोलसमोरची ६ मीटरची रेघ सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात चुकीची आखली जाणारी. अर्धवर्तुळ काढतात लोक, ते चूक. प्रत्येक खांबाच्या तळाशी दोरीचं टोक धरायचं, ६ मीटरचं पाव वर्तुळ काढायचं, दोन्ही बाजूंनी, आणि मधल्या भागात गोलच्या समोर ३ मीटर सरळ रेघ. तसंच ९ मीटरवर, पण तुटक. ७ मीटरवर पेनल्टीची एक मीटर लांब रेघ, आणि ४ मीटरवर छोटी खूण, पेनल्टीच्या वेळी गोलकीपरला तिथपर्यंत पुढे येता येतं. एका दोरीला ४, ६, ७ आणि ९ मीटरवर गाठी मारून ती फक्कीच्या पोत्यातच ठेवा, दर वेळी टेप शोधत बसावं लागत नाही.

गोल बांबूचे केले तरी चालतात, आमचे सात वर्षं बांबूचेच होते. पण लोखंडी असोत की बांबूचे, जमिनीत पुरा किंवा मागून वाळूच्या पोत्यांनी आणि दोरांनी पक्के बांधा. मोकळ्या उभ्या गोलला मूल लोंबकळतं आणि तो अंगावर येतो. यात जीव जाऊ शकतो. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. मुरमाचे खडे रोज मुलांकडूनच वेचून घ्या आणि उडी मारून पोटावर पडायचे शॉट मुरमावर शिकवूच नका. टीव्हीवर दिसतात ते लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअरवरचे असतात.

कबड्डीच्या मुलांचं सांगते. ती तुमची अडचण वाटत असतील, पण मला असा संघ मिळाला असता तर मी पेढे वाटले असते. त्यांच्याकडे रेषेचं भान असतं. कबड्डीच्या निदान रेषेवर पाय कुठे आहे हे न बघता ज्याला कळतं त्याला ६ मीटरची रेघ शिकवावी लागत नाही. बाजूच्या गड्याबरोबर सरकायची, साखळी न तोडायची सवय असते, आणि हँडबॉलचा बचाव म्हणजे तेच सरकणं. फक्त पकड सोडवावी लागते. कबड्डीत घोटा धरला की वाहवा, इथे धरलं की शिट्टी. हाताला, कमरेला, जर्सीला धरणं, ढकलणं, मागून किंवा बाजूने ओढणं, फेकणाऱ्या हातावर मारणं, सगळं बंद. त्यात परत फेकणाऱ्या हाताला मागून धरलं किंवा हवेत उडालेल्याला धक्का दिला तर थेट दोन मिनिटं बाहेर किंवा लाल कार्ड. दोन मिनिटं बाहेर म्हणजे तेवढा वेळ तुमचा संघ एका खेळाडूने कमी. तीन वेळा दोन मिनिटं झाली की तो मुलगा त्या सामन्यापुरता संपला.

चालतं काय, तर समोरून छाती लावून उभं राहणं, वाकलेले हात त्याच्या अंगाला लावून त्याच्याबरोबर सरकणं, आणि उघड्या तळव्याने चेंडू काढणं. मी मुलांना अंगठे बनियनच्या पट्ट्यात अडकवून बचाव करायला लावते. हात नाहीतच, फक्त पायांनी सरकायचं, समोरच्याच्या पुढे छाती आणायची. चार-पाच दिवस असं केलं की पकड सुटते. मग एक हात मोकळा करायचा, फेकणाऱ्या हाताच्या बाजूचा, आणि दुसरा त्याच्या कमरेजवळ, न धरता. हे सांगताना 'धरायचं नाही' असं म्हणू नका, 'समोर जा' म्हणा. लहान मुलांना काय करायचं ते सांगितलं तर कळतं.

खो-खोच्या मुलांना विंगला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत लावा. कोपऱ्यातून निसटायला लागणारी हुलकावणी त्यांच्या पायात आधीच असते. उजवीकडे अंग टाकायचं, बचाव करणारा तिकडे झुकला की डावीकडून जायचं, तीन पावलांत. हुलकावणी तेवढीच, फक्त खांबाच्या जागी माणूस.

बचावाची रचना विचारली नाहीत तरी सांगते, कारण कुणीतरी तुम्हाला '६-० लावा' असं सांगेलच. म्हणजे सहाही जण ६ मीटरच्या रेघेवर भिंत करून उभे. मोठ्यांना ठीक आहे. १४ च्या आतल्या मुलांना मी ते लावत नाही. भिंतीत उभं राहून मूल काहीच शिकत नाही आणि उंच मुलांचा संघ लहान मुलांच्या संघावरून मारत राहतो. माणसागणिक बचाव शिकवा, प्रत्येकाला एक गडी, मैदानाच्या मध्यापासून. दमतील, गोल खातील, पण सहा आठवड्यांनी पाय असे तयार होतात की हवी ती रचना लावता येते. जर्मनीत हा खेळ घरोघरी आहे, तिथेही सगळ्यात लहान गटांना माणसागणिकच खेळवतात.

अकराव्या दिवशी गोल परत लावा. मुलं वेडी होतील, होऊ द्या.

शॉट दोन शिकवा, जास्त नको. पहिला जागेवरून, पास देतो तसाच पण पूर्ण जोराने. दुसरा उडी मारून. तीन पावलं, शेवटच्यावर वर, दुसरा गुडघा उचललेला, हवेत असताना अंग फिरून फेक. वर जायचं आहे, पुढे नाही, हे पहिल्या दिवशीच पक्कं करा. चेंडू हातातून सुटेपर्यंत पाय ६ मीटरच्या आत टेकला नाही तर गोल वैध. रेघेबाहेरून उडून आत हवेत जाणं म्हणूनच चालतं, आणि त्यातच या खेळाची मजा आहे. नेम कुठे? खालचे कोपरे. नवशिके गोलकीपरच्या छातीवर मारतात, कारण डोळे त्याच्याकडे असतात. कोपऱ्यात जुने टायर किंवा पोती टांगा आणि गोलकीपरशिवाय सराव करू द्या. उतरताना गुडघे वाकलेले, आत न झुकलेले, याकडे शॉटपेक्षा जास्त लक्ष द्या, विशेषतः मुलींच्या बाबतीत. गुडघ्यातला लिगामेंट गेला की वर्ष जातं. पोरींना हे कुणी शिकवत नाही आणि मग 'मुलींचे गुडघे कमजोर' म्हणतात.

गोलकीपर. इथे मी जरा जास्त बोलेन, माझी जागा आहे. शाळेत गोलमध्ये कोण असतं? ज्याला पळता येत नाही तो. पहिल्या सामन्यात तो तोंड फिरवतो, दुसऱ्यात रडतो, तिसऱ्यात येत नाही. गोलकीपर तुमचा सगळ्यात धीट मुलगा हवा, आणि त्याने स्वतः हात वर केलेला हवा. उंची नंतर बघा. पहिला आठवडा त्याच्यावर हँडबॉल मारूच नका. टेनिस बॉल, मग प्लॅस्टिकचा, मग थोडी हवा काढलेला हँडबॉल, जवळून पण हळू, आणि ठरलेल्या जागी: दहा डाव्या हाताला, दहा उजव्या. आधी शरीराला कळू द्या की चेंडू लागला तर काही होत नाही. पूर्ण बाह्या, लांब पँट, आणि मुलांना क्रिकेटचा गार्ड. त्याशिवाय उभं करू नका.

उभं कसं राहायचं: भार चवड्यांवर, गुडघे किंचित वाकलेले, हात डोक्याच्या उंचीला, अंगापासून थोडे दूर. गोलच्या रेघेवर चिकटून राहायचं नाही, एक-दोन पावलं पुढे. पुढे आलं की मारणाऱ्याला गोल लहान दिसतो. हे मुलाला पटवायला त्यालाच ६ मीटरवर उभं करा आणि तुम्ही आधी रेघेवर आणि मग पुढे येऊन उभे राहा. एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. कोपऱ्यातून विंगर आला तर जवळच्या खांबाला चिकटून तो कोपरा अंगाने बंद करायचा. पाय वापरायला घाबरायचं नाही, बाकी खेळाडूंना गुडघ्याखाली चेंडू लावता येत नाही पण गोलकीपरला स्वतःच्या क्षेत्रात सगळं अंग चालतं, तीन पावलांचंही बंधन नाही. मात्र चेंडू हातात घेऊन ६ मीटरबाहेर जाता येत नाही. मी खेळायचे तेव्हा आमचे कोच सर म्हणायचे, गोल खाल्ला की पाच सेकंदांत विसर. हँडबॉलच्या मोठ्या सामन्यात एकेका संघाचे २५-३० गोल होतात, प्रत्येकावर रडायचं म्हटलं तर कसं व्हायचं. आणि चेंडू अडवल्यावर काम संपत नाही, सुरू होतं. अडवला की लगेच पळत सुटलेल्या विंगरला लांब फेक. शाळेच्या सामन्यांत निम्मे गोल त्यावर होतात.

फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना काही नियम उलटे वाटतात, ते आधीच सांगून ठेवा. ६ मीटरच्या आत फक्त गोलकीपर. तिथे जमिनीवर पडलेला चेंडू त्याचाच, पण हवेतला कुणीही घेऊ शकतो. आपल्या गोलकीपरला तो क्षेत्रात असताना मागे पास देता येत नाही, दिला तर समोरच्यांना फ्री थ्रो, म्हणजे मोकळी फेक, मिळते. गोलकीपरच्या हाताला लागून चेंडू मागच्या रेघेबाहेर गेला तर कॉर्नर नाही, त्याचाच चेंडू. बचाव करणाऱ्या दुसऱ्या खेळाडूला लागून गेला तर मात्र कॉर्नर. फ्री थ्रोच्या वेळी बचाव करणारे ३ मीटर दूर, आणि मारणाऱ्या संघातलं कुणीही ९ मीटरच्या आत नको. गोल झाल्यावर मध्यातून पुन्हा सुरू. आणि पंचाने एक हात उंच केला की घाबरून उभं राहायचं नाही. त्याचा अर्थ तुम्ही वेळ काढताय. २०२२ पासून त्या इशाऱ्यानंतर जास्तीत जास्त चार पास मिळतात, त्यात शॉट घ्यावा लागतो. हात वर दिसला की बाकावरच्यांनी मोठ्याने पास मोजायचे असं मी ठरवून दिलंय, आतल्यांना मोजायला सुचत नाही.

तुम्ही लिहिलंय की स्वतः खेळलो नाही म्हणून संकोच वाटतो. हा खेळ आकाराला आणणाऱ्यांत एक शाळामास्तरच होता. डेन्मार्कमधल्या ऑर्ड्रुपच्या शाळेतल्या होल्गर नील्सनने १८९८ च्या सुमारास मुलांना तो खेळवायला सुरुवात केली आणि १९०६ मध्ये नियम छापले. हा माणूस १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी आणि पिस्तूल नेमबाजीत पदकं मिळवून आला होता, त्यामुळे एका खेळातलं दुसऱ्यात नेणं त्याला नवीन नसावं. पुढे जर्मनीत तो गवतावर ११-११ जणांचा झाला, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तसाच खेळला गेला. सात जणांचा, बंदिस्त हॉलमधला खेळ ऑलिंपिकमध्ये आला १९७२ ला म्युनिकमध्ये, महिलांचा १९७६ ला माँट्रियलमध्ये. आपल्याकडे हँडबॉल फेडरेशन ऑफ इंडिया १९७२ चीच. मुलांना दाखवायला काही हवं असेल तर २०२३ मध्ये जयपूरला झालेल्या प्रीमियर हँडबॉल लीगचे सामने शोधा, ती महाराष्ट्र आयर्नमेनने जिंकली. फार मोठ्या युरोपियन सामन्यांपेक्षा ते आधी दाखवा, तिथली उंची आणि वेग बघून आपली मुलं खचतात.

सहा आठवडे कसे वाटायचे? आठवड्याला चार दिवस, तासभर. पहिले दहा दिवस वर सांगितलेलं. नंतरचा आठवडा बचाव आणि शॉट एक दिवसाआड. मग ड्रिबल उघडा, पण फक्त फास्ट ब्रेकपुरतं, म्हणजे चेंडू मिळाला आणि पुढे मोकळं मैदान आहे तेव्हा. शेवटचे दोन आठवडे खेळच, पण निम्म्या मैदानावर चार आणि एक गोलकीपर असे छोटे संघ करून. सातच्या सात पूर्ण मैदानावर फक्त शेवटच्या आठवड्यात. छोट्या संघात प्रत्येकाच्या हाताला चेंडू जास्त वेळा लागतो, एवढं साधं गणित आहे.

जागा वाटताना आधी बघायचं ते डावखुरं मूल. उद्या परिपाठाला विचारा, डाव्या हाताने दगड कोण मारतं. लिहितं कोण नाही, मारतं कोण. उजव्या बाजूच्या कोपऱ्यातून उजव्या हाताने मारायचं तर गोलचा जेमतेम एक खांब दिसतो, डाव्या हाताला अख्खा गोल उघडतो. असं एक मूल सापडलं, मग ते कितीही बारकं असो, उजव्या विंगला लावून टाका. मला एकदा अशी मुलगी सहावीत सापडली होती, डबा खाताना आई रागवायची म्हणून सगळं उजव्या हाताने करायची. चेंडू दिला आणि तिने न विचारता डावा हात मागे नेला.